सर्चमधल्या जाहिराती एपीआय लावून गोळा कराव्यात का?

सरळरेघ (धागाकर्ता)

चार वर्षं सर्चच्या जाहिराती सांभाळतोय. या विषयावर आमच्या क्षेत्रात नुसती कुजबुज चालते, म्हणून एकदा उघड बोलावं असं वाटलं. माझं मत: स्क्रेपिंग एपीआयने (पानं आपोआप उतरवून देणाऱ्या सेवेने) सशुल्क निकाल, म्हणजे सर्चमधल्या जाहिराती, गोळा करण्यात काही गैर नाही. उलट जो दुसऱ्याचे पैसे जाहिरातीवर लावतो, त्याने हे केलंच पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कीवर्ड (शोधायचे शब्द), ठिकाण, भाषा आणि मोबाइल की डेस्कटॉप एवढं पाठवलं की एपीआय स्वतःच्या प्रॉक्सीवरून (मधल्या संगणकांवरून) शोध घेतं आणि निकालाचं पान जेसनमध्ये (यंत्राला वाचता येणाऱ्या मांडणीत) सुटं करून देतं. जाहिरातीचं शीर्षक, मजकूर, दिसणारी लिंक, खालच्या साइटलिंक (साइटच्या आतल्या पानांच्या लिंक), पानाच्या वर होती की तळाशी, कितवी होती, सगळं.

गूगल हे आपल्याला देत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात सरासरी स्थानाचा (आपली जाहिरात सरासरी कितवी येते त्याचा) आकडासुद्धा काढून टाकला. गूगलच्या ऑक्शन इनसाइट्स अहवालात प्रतिस्पर्ध्याचं डोमेन कळतं, त्याने काय लिहिलंय ते कळत नाही. ज्या लिलावात (प्रत्येक शोधाला जाहिरातींच्या जागेसाठी बोली लागते, त्यात) आपण उतरलोच नाही, तिथला तर पत्ताच नाही. जाहिरात हा चारचौघांसाठी लावलेला फलक आहे. तो वाचून वहीत टिपला तर चोरी कशी होते?

उंबरठा

असहमत. फलक सगळ्यांना एकच दिसतो. हे पान मागणाऱ्याकडे बघून त्या क्षणी तयार होतं आणि ज्याच्या घरचं आहे त्याने दारावर पाटी लावलेली आहे. गूगलच्या रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये (यंत्रांनी कुठली पानं बघावीत ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) सर्चच्या पानांना यंत्रांनी हात लावू नये असं लिहिलंय. हा संकेत १९९४ पासूनचा आहे, २०२२ मध्ये त्याला आरएफसी ९३०९ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणून रीतसर रूपही मिळालं.

तुमचा एपीआयवाला दर वेळी आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलतो, कॅप्चा (माणूस की यंत्र हे तपासणारं कोडं) सोडवतो, माणूस असल्याचं भासवतो. काम उजळ माथ्याने करण्यासारखं असेल तर ओळख का लपवावी लागते? याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

सरळरेघ

लिंक्डइनवरची पानं उतरवणाऱ्या हायक्यू कंपनीच्या लिंक्डइनविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने २०२२ मध्ये काय म्हटलं ते बघा. लॉगिन न लागणारी पानं उतरवून घेणं हा त्यांच्या संगणक-घुसखोरीच्या कायद्याचा भंग बहुधा ठरणार नाही.

उंबरठा

पुढचं पानही वाचा. त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने त्याच हायक्यूने वापराच्या अटी मोडल्या असा निर्णय दिला. गुन्हा नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही.

जुनी वही

मी सरळरेघ यांच्या बाजूने, पण कारण वेगळं.

आमच्या ब्रँडच्या नावाच्या कीवर्डवर काही महिने खर्च वाढत होता आणि अ‍ॅफिलिएटचं कमिशनही (अ‍ॅफिलिएट म्हणजे कमिशनवर ग्राहक आणून देणारा). ऑफिसात बसून कितीही वेळा शोधलं तरी वर आमचीच जाहिरात. शेवटी एपीआयने वेगवेगळ्या शहरांतून दर तासाला तोच शोध घेतला. रात्री दोन वाजता दूरच्या एका शहरातून आलेल्या नोंदीत शीर्षक आमचं, दिसणारी लिंक आमची, पण साइटलिंक आम्ही कधीच न लिहिलेल्या. लिंक उघडली तर मध्ये दोन उड्या आणि पत्त्यात एका अ‍ॅफिलिएटचा क्रमांक. करारात ब्रँडच्या नावावर बोली लावायला बंदी होती. म्हणून त्याने आमच्या ऑफिसचा भाग वगळला होता आणि जाहिरात फक्त रात्री चालवत होता. जो ग्राहक आमच्याकडे येणारच होता, तोच हा अ‍ॅफिलिएट आम्हाला विकत होता.

हे हाताने कसं पकडायचं, सांगा.

पानगळ

नीती, कायदा यावर इतर बोललेत. माझा विरोध त्या आकड्यांवर टेकून निर्णय घेण्याला आहे. दोन वर्षं हे अहवाल मीच बनवत होते.

एका शोधात दिसलेलं पान म्हणजे एका लिलावाचा निकाल. पुढच्या मिनिटाला कुणाचं बजेट संपतं, कुणाची वेळ सुरू होते. तोच कीवर्ड वीसदा मागवा, यादी वीसदा सारखी येणार नाही. कोऱ्या ब्राउझरला आधी साइटवर येऊन गेलेल्यांसाठी लावलेल्या जाहिराती दिसत नाहीत. डेटासेंटरच्या आयपीचा संशय आला तर जाहिराती कमी येतात, किंवा येतच नाहीत.

आणि सगळ्यात घातक गोष्ट: जाहिरातींचा रकाना रिकामा आला की आमच्या कोष्टकात शून्य पडायचं. प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली, असं मी एका बैठकीत ठामपणे सांगितलं. आम्ही बोली खाली आणली. तो कुठेही गेला नव्हता, आम्हालाच दाखवला जात नव्हता. त्या अहवालाखाली माझं नाव होतं, ते अजून टोचतं.

सरळरेघ

पानगळ, हा मुद्दा मान्य. मीही रिकामं आणि शून्य एकाच रकान्यात ठेवत आलोय. आजपासून वेगळं करतो आणि प्रत्येक नोंदीसोबत ठिकाण, वेळ, कितवा प्रयत्न हेही ठेवतो. पण माप कच्चं आहे म्हणून मोजायचंच नाही, हे पटत नाही. मजकूर काय होता, कोणत्या सवलतीचा दावा होता, हे एका नोंदीतूनही खरं कळतं.

उंबरठा

मजकूरच हवा असेल तर मार्च २०२३ पासून गूगलचं अ‍ॅड्स ट्रान्स्परन्सी सेंटर, म्हणजे जाहिरातींची खुली यादी, उघडं आहे. युरोपात तर डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टनुसार मोठ्या सर्च इंजिनांना जाहिरातींचं भांडार ठेवावंच लागतं. सरळ वाट असताना कुंपणावरून का जायचं?

जुनी वही

कारण तिथे जाहिरात दिसते, कीवर्ड दिसत नाही. आमच्या नावावर कोण बोली लावतोय, हे तिथे कधीच कळलं नसतं.

पानगळ

जुनी वही, एक विचारते. तुम्ही लिंक उघडली म्हणालात. ती उघडली की क्लिक मोजला जातो आणि पैसे जाहिरातदाराचे जातात. गूगल यंत्रांचे क्लिक गाळतं, पण सगळेच गाळले जातील याची हमी नाही. दर तासाला, इतक्या शहरांतून, दिसेल ती प्रत्येक जाहिरात उघडत होता का?

जुनी वही

नाही. दिसणारी लिंक आमच्या डोमेनची असेल तेवढीच. पण सुरुवातीचा एक आठवडा ही अट घातलेली नव्हती. त्या आठवड्यात किती जणांच्या जाहिराती उघडल्या गेल्या, ते नोंदींत बघून सांगतो.