पोलरिमीटरचा डीओपी १०० च्या वर जाऊन राहिला, बोर्ड गेला का कॅलिब्रेशन?

लॅबवाला_पुसद
नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आमच्याकडे फायबरचं जुनं पोलरिमीटर (उजेडाचं ध्रुवण मोजायचं मशीन) आहे, आत फिरणारी क्वार्टर वेव्ह प्लेट (ध्रुवणाच्या दोन घटकांत ९० अंशाचा फरक पाडणारी), तिच्यामागं पोलरायझर न मग डिटेक्टर. सुट्ट्या लागायच्या आधी मस्त चालत होतं. सुट्टीभर बंद होतं, लाईनीचा तर आमच्याकडे भरोसाच नाही, आता चालू केलं तर डीओपी (उजेडाचा किती भाग ध्रुवित आहे तो आकडा) कधी ९७ टक्के, कधी १३०, फायबर जराशी हलवली की १६० च्याही वर. पोअंकारे गोलावरचा (ध्रुवण दाखवायचा गोल, पृष्ठभाग म्हणजे १०० टक्के) ठिपका गोलाच्या बाहेरच जाऊन बसते! लेझर तोच आहे, १३१० नॅनोमीटरचा डीएफबी (जवळपास एकाच वेव्हलेंग्थचा लेझर), पॉवर मीटरवर बरोबर दाखवते. सर म्हणतात बोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच बाहेर पाठवा म्हणून सांगितलं न जो आकडा सांगितला त्यात लॅबचं वर्षाचं बजेट जाते. उघडून पाहू काय?

गरम_सोल्डर
एसएमपीएसचे (पॉवर सप्लायचे) कपॅसिटर फुगले असतील, बदलून टाका. उन्हाळ्यात आमच्याकडे असेच केसेस येतात.

वऱ्हाडी_फोटॉन
काहून बदलायचे बाप्पा? सप्लायचा लोचा असता तर आकडे फायबर न हलवताही नाचले असते. इथं ध्रुवण बदललं की डीओपी बदलते, तीच खरी गोम आहे. साधी सिंगल मोड फायबर वाकवली, पिळली तर ध्रुवणाची दिशा बदलते पण डीओपी बदलायला नको, डीएफबीचा तर १०० च्या आसपासच पाहिजे. तो स्टोक्सच्या चार आकड्यांतून (एस० एकूण पॉवर, बाकी तीन ध्रुवणाचे), एस१, एस२, एस३ चे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ भागिले एस० असा निघते, १०० च्या वर जाणं निसर्गात शक्यच नाही. म्हणजे मशीन प्लेटबद्दल काहीतरी चुकीचं धरून गणित करून राहिली.

लॅबवाला भाऊ, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा न दोन गोष्टी पाहून सांगा: मशीनमध्ये वेव्हलेंग्थ किती टाकलेली आहे, न स्क्रीनवर तारीख कोणती दाखवते.

लॅबवाला_पुसद
तारीख कितीतरी वर्षं मागची दाखवते, मी लक्षच नव्हतं दिलं. वेव्हलेंग्थ १५५०.

वऱ्हाडी_फोटॉन
हाव, मग सापडलं. आतला बॅकअपचा सेल संपला, मशीन आपली सेटिंग विसरून फॅक्टरीच्या १५५० वर गेली न तुम्ही १३१० चा उजेड देऊन राहिले. १५५० ला ९० अंशाची असलेली प्लेट १३१० ला अंदाजे १०६ अंश होते (९० गुणिले १५५० भागिले १३१०, प्लेटच्या पदार्थाचा गुणधर्म वेव्हलेंग्थप्रमाणे थोडा बदलते ते सोडून). मशीन मात्र ९० च धरून चालते. अशानं ४५ अंशाचा रेषीय उजेड जवळपास १२८ टक्के दाखवते, आडवा रेषीय तर त्याच्याही बराच वर, न वर्तुळाकार ९६. तुमचे ९७, १३०, १६० सगळे याच्यात बसतात. १३१० टाका न सांगा.

लॅबवाला_पुसद
टाकलं राजेहो!! आता ९७ ते १०४ मध्ये आहे. पण पहिले इतकं हलत नव्हतं, न दुपारी जास्त हलते.

जोडणीवाला
मी ग्रामपंचायतीच्या फायबर लाईनीवर काम करतो, पोलरिमीटर कधी हाताळलं नाही पण कनेक्टर रोज पाहतो. पहिले ते तपासा. हिरवा एपीसी कनेक्टर (तिरप्या टोकाचा) निळ्या पीसीत (सरळ टोकाच्या) खोचला असेल तर दोन्ही टोकं बरबाद होतात, एपीसीला ८ अंशाचा उतार असतो, मधात फट राहते न तिथून उजेड परत फिरते, लेझरला ते आवडत नाही. पुसायचं आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल), लिंट न सोडणाऱ्या वाईपनं. घरचा कापूस घेऊन पुसू नका हो, तंतू कोरच्या तोंडावर बसला का मग शोधत बसा. कोर ९ मायक्रॉनचा. पुसल्यावर मायक्रोस्कोपखाली पाहायचंच.

निवृत्त_बेंच
जोडणीवाल्यांचं बरोबर आहे, पण "दुपारी जास्त" हे कनेक्टरनं होत नाही. लॅबमध्ये कूलर आहे का? त्याचा झोत फायबरवर येतो का? या प्रकारात प्लेट फिरत असताना डिटेक्टरवर जो चढउतार येतो त्यातून, म्हणजे त्याच्या सरासरी पातळीतून आणि फिरण्याच्या दुप्पट आणि चौपट वारंवारतेतून, चारही स्टोक्स काढतात. तेवढ्या वेळात हवेनं फायबर थरथरली तर ध्रुवण मोजता मोजताच बदलतं आणि गणित गंडतं. फायबर टेबलाला टेपनं चिकटवा, झोत दुसरीकडे वळवा. शिवाय लेझर बंद ठेवून डार्क झिरो घ्या, तोही मशीन तापल्यावर, सकाळी घेतलेला दुपारी चालत नाही, कारण इनगॅस डिटेक्टरचा डार्क करंट (उजेड नसतानाही वाहणारा) दर ८-१० अंशाला साधारण दुप्पट होतो आणि तुमच्याकडे मे महिन्यात खोलीत काय तापमान असेल ते मी सांगायला नको. पॉवर जास्त असेल तर १० डीबीचा अटेन्युएटर लावून पाहा, डिटेक्टर सॅच्युरेट झाला तरी असंच दिसतं.

सेल बदलताना मात्र घाई नको. काही जुन्या मशीनमध्ये कॅलिब्रेशनचं मॅट्रिक्सही (गणितात वापरायच्या आकड्यांचा तक्ता) त्याच बॅटरीवरच्या रॅममध्ये असतं. तुमचं बहुधा ईईप्रॉममध्ये (सेलशिवाय टिकणाऱ्या मेमरीत) आहे, नाहीतर नुसतं १३१० टाकून आकडे सुधारले नसते. तरी आधी सगळे आकडे लिहून घ्या.

लॅबवाला_पुसद
कूलर अगदी समोरच होता. बंद केला, फायबर चिकटवली, डार्क घेतला, आता ९९ ते १०१. सरांना दाखवलं तर ते म्हणतात बरोबर आहे हे कशावरून, सर्टिफिकेट कुठं आहे?

निवृत्त_बेंच
सर्टिफिकेट हवं तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब शोधावी लागेल, आणि तिच्या स्कोपमध्ये ही मोजणी आहे का ते आधी विचारा, पॉवर मीटर करणारे सगळे हे करत नाहीत. घरच्या घरी खात्रीसाठी एक चांगला पोलरायझर फायबरच्या आधी, लेझरचा किरण मोकळ्या हवेतून जातो तिथं ठेवून १८० अंश फिरवा. गोलावर एक पूर्ण वर्तुळ उमटेल. फायबर त्याला फिरवेल, तिरपं करेल, पण ते मोठं वर्तुळच राहिलं पाहिजे, म्हणजे गोलाच्या मध्यातून जाणारं. चपटं झालं किंवा एका बाजूला सरकलं तर मॅट्रिक्स बिघडलं समजा. १३१० ला करा आणि १५५० चा लेझर मिळाला तर तिथंही करा, मॅट्रिक्स वेव्हलेंग्थप्रमाणे बदलतं.

लॅबवाला_पुसद
पोलरायझर आहे, होल्डर नाही. वर्कशॉपमधून बनवून घेतो न फोटो टाकतो.