पडद्यावरचं ठिकाण प्रत्यक्षात कसं दिसलं? अनुभव लिहा

नुकतीच रोमला जाऊन आले. 'रोमन हॉलिडे' (१९५३) तोंडपाठ, त्यामुळे सगळ्यात आधी 'बोक्का देला वेरिता' गाठलं. खोटारड्याचा हात चावतो म्हणतात, तो दगडी चेहरा. सिनेमात ग्रेगरी पेक हात बाहीत लपवतो आणि ऑड्री हेपबर्न किंचाळते. ती किंकाळी खरी होती, पेकने तिला आधी काही सांगितलंच नव्हतं. सिनेमात तिथे गर्दी नसते. माझ्यामागे चर्चच्या ओसरीत चाळीसेक जण उभे होते. हात घाल, फोटो काढ, चल पुढे.

मग सिनेमातल्या राजकन्येसारखं आइस्क्रीम खात स्पॅनिश स्टेप्सवर बसायला गेले. बूड टेकतंय न टेकतंय तोच शिट्टी! २०१९पासून तिथे बसायला मनाई आहे म्हणे. उभ्यानेच संपवलं.

तुमचेही असे किस्से येऊ द्या. जागा खरी हवी, स्टुडिओतला सेट चालणार नाही.

*

फिलाडेल्फिया. 'रॉकी'च्या (१९७६) पायऱ्या, तो बॉक्सर सराव करताना धावत चढतो आणि वर हात उंचावतो त्या. ७२ आहेत, आणि पन्नाशीनंतर त्या मोजतच चढाव्या लागतात. मध्ये दोनदा बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. वर पोचून हात उंचावले, व्हिडिओ झाला, उतरलो. तिथे बहुतेक जण हेच करतात. पाठीमागे मोठं कलासंग्रहालय आहे याची कुणाला पर्वाच नसते. बायको मात्र आत गेली ती दोन तासांनी बाहेर आली. तोवर मी खाली बसून पोटऱ्या चोळल्या.

या पायऱ्या सिनेमात आल्या कशा, ते मला जास्त आवडतं. गॅरेट ब्राउनने चालत-धावत चित्रण करताना कॅमेरा थरथरू न देणारं उपकरण जमवलं होतं, तेच पुढे स्टेडिकॅम झालं. नमुना म्हणून त्याने आपल्या मैत्रिणीला याच पायऱ्यांवर पळवलं. दिग्दर्शक जॉन अॅव्हिल्डसनने ते पाहिलं आणि विचारलं, या पायऱ्या आहेत कुठे?

*

+१, आमचाही पोपट झालाय. लंडनला लेक हटून बसली, 'हे किंग्ज क्रॉस स्टेशन नाहीच!' हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात दिसते ती मनोऱ्यांची लाल इमारत शेजारच्या सेंट पँक्रास स्टेशनची आहे. आणि भिंतीतून आरपार जाऊन हॅरी जिथे गाडी पकडतो, तो पावणेदहा नंबरचा फलाट? चित्रण झालं फलाट ४ आणि ५च्या मध्ये. भिंतीत अर्धी घुसलेली ढकलगाडी तिसरीकडेच, स्टेशनच्या हॉलमध्ये. तिथल्या रांगेबद्दल न बोललेलं बरं.

*

मी उलट बाजूने लिहिते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये राहत असताना 'जोकर'चा (२०१९) जिना, लाल कोटातला जोकर नाचत उतरतो तो, माझ्या रोजच्या वाटेवर होता. आधी तिथे कुत्रं फिरकत नसे. सिनेमा आला आणि लाल कोटवाल्यांची रीघ लागली. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या, धापा टाकत चढतेय, आणि वरून एक जण नाचत येतोय. त्याचा मित्र मलाच म्हणतो, 'जरा थांबाल का, तुम्ही फ्रेममध्ये येताय.' थांबले नाही! त्या फोटोत मी असेन, कपाळाला आठ्या घातलेली.

*

आमच्या ऑफिसखाली एकदा रात्रीचं शूटिंग होतं. पावसाचं टिपूस नाही, तरी टँकरने अख्खा रस्ता भिजवून ठेवलेला. ओल्या डांबरावर दिव्यांची प्रतिबिंबं पडतात, नाहीतर रस्ता नुसता काळा दिसतो, असं लाइटवाल्याने सांगितलं. दुकानांवर खोट्या पाट्या. सिनेमा पाहिला तर हिरो आमच्या दारातून शिरतो आणि पाठीमागून थेट नदीवर निघतो. आमच्या पाठीमागे पार्किंग आहे.

*

व्हिएन्नाचा आकाशपाळणा कुणाच्याच यादीत नाही? रीझनराड, १८९७चा. 'द थर्ड मॅन'मध्ये (१९४९) ऑर्सन वेल्स वरून खालच्या माणसांना ठिपके म्हणतो, तोच. पोरं दांडा घट्ट धरून बसलेली, आणि हा एवढा हळू की डबा हललाय हे खिडकीतलं झाड खाली सरकल्यावर कळलं. पोरांची घोर निराशा. मी मात्र डबे मोजत होतो. पूर्वी ३० होते. दुसऱ्या महायुद्धात पाळणा जळाला, नंतर उभारताना १५च लावले. घरी येऊन सिनेमा पुन्हा लावला. डब्यांमधल्या त्या रिकाम्या जागा पडद्यावरही दिसतात.