अनुभव येईपर्यंत बाग संपते. मग त्याचा उपयोग कोणाला?

प्रश्न (निफाड तालुका)

वडिलांचे वय झाल्यामुळे गेल्या हंगामापासून आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. द्राक्षात फळ धरण्यासाठीची छाटणी, म्हणजे फळछाटणी, वर्षाला एकच मिळते, म्हणजे आयुष्यभर बाग केली तरी तीस-पस्तीस हंगामांपलीकडे फारसे कोणाच्या वाट्याला येत नाही, आणि डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या झाडावर, कलम भरलेली बाग साधारण पंधरा वर्षांत उतरणीला लागते. वडील सांगतात की वेलीकडे पाहून तिला काय हवे ते ओळखायला त्यांना वीस वर्षे लागली, आणि ती समज पक्की होईपर्यंत पाऊसही पूर्वीसारखा राहिला नव्हता. जे शिकण्यात आयुष्य खर्ची पडते ते वापरायला हंगामच उरत नसतील, तर अनुभवाचा उपयोग नेमका कोणाला आणि केव्हा होतो? जाणत्यांनी मनापासून लिहावे, ही विनंती.

उत्तर (तासगाव)

तुमची खंत मला पटते, परंतु आयुष्य अपुरे पडते हे तिचे मुख्य कारण नाही, असे मला वाटते. द्राक्षात चूक आणि तिचा परिणाम यांच्यात काही महिन्यांचे अंतर असते आणि शिकायला उशीर होतो तो मुख्यतः त्यामुळे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नवी काडी तयार व्हावी म्हणून घेतलेल्या छाटणीनंतर, साधारण पहिल्या दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, सूक्ष्म घडनिर्मिती होते; त्या काळात आभाळ सतत झाकोळलेले राहिले, नत्र आणि पाणी जास्त झाले किंवा वेळेवर विरळणी न केल्याने दाटी होऊन डोळ्यांपर्यंत ऊन पोहोचले नाही, तर डोळा वांझ राहतो. हे कळते मात्र ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, फुटीवर घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, दिसते तेव्हा, आणि त्या वेळी माणूस कितीही जाणता असला तरी त्या वर्षापुरते त्याच्या हातात काही राहत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये काय घडले हे केवळ आठवणीवर सोडले, तर आपण सोयीचे कारण धरून बसतो. अनेक ज्येष्ठ बागायतदारांचा अनुभव म्हणजे असे चुकीचे धरलेले कारण असते, हे मी आदर राखूनच लिहीत आहे.

फळछाटणीपूर्वी काडी तपासणी करून घ्या. प्रयोगशाळेत डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की घड आहे का आणि कितव्या डोळ्यावर आहे हे समजते, आणि त्याप्रमाणे छाटणी कुठे घ्यायची ते ठरवता येते.

उत्तर (दिंडोरी)

अनुभव उशिरा येतो यापेक्षा तो शिळा होतो, याची मला अधिक काळजी वाटते. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मितीला मदत व्हावी म्हणून सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, फवारणे ही अनेकांची वर्षानुवर्षे खात्रीची पद्धत होती. 2010 मध्ये नेमके त्याच रसायनाचे अवशेष आढळल्याने युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली. तेथील मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती आणि आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. ज्यांनी अनुभवाप्रमाणे सर्व काही बरोबर केले त्यांनाही त्या वर्षी मोठा फटका बसला.

तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ती तपासणी यंत्रणाही एका जुन्या फटक्यातूनच उभी राहिली होती. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडल्यानंतर अपेडाने, म्हणजे केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेने, ग्रेपनेट ही निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि अवशेष तपासणीची व्यवस्था आणली. 2003 चा तोटा सोसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना तिचा लाभ मिळाला नसेल, पण नंतर निर्यातीत आलेल्यांना तो धडा स्वतःच्या बागेत गिरवावा लागला नाही.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. मग वडिलांच्या सांगण्यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे मी कसे ओळखावे?

उत्तर (इंदापूर)

आमच्या घरी बागेची वही सासूबाईंनी सुरू केली आणि आता ती मी लिहिते, म्हणून या प्रश्नावर थोडे लिहिण्याचे धाडस करते. वहीतल्या छाटणीच्या तारखा आज मला फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण परतीचा पाऊस लांबला की लवकर छाटलेल्या बागेत पोंगा अवस्थेपासूनच, म्हणजे डोळा फुटू लागतो तेव्हापासूनच, डाऊनी या रोगाची भीती असते आणि जुनी तारीख त्याचे उत्तर देत नाही. परंतु ती तारीख का निवडली, त्या आठवड्यात पाने कशी होती, काडी कितपत पिकली होती, पाणी केव्हा तोडले, हे जिथे लिहिलेले आहे ते पान मी आजही काढून वाचते. वडिलांना या वर्षी छाटणी कधी घ्यायची असे विचारले तर ते सवयीने तारीख सांगतील. त्याऐवजी त्यांना बागेत घेऊन जा, एकेका ओळीत उभे करून त्यांना काय दिसते ते विचारा, आणि ते बोलत असतानाच लिहून घ्या, कारण घरी परतल्यावर त्यांनाही ते तसेच्या तसे सांगता येईलच असे नाही. काडी तपासणीचा अहवाल आला की तो त्याच पानाला जोडा. वडिलांचा अंदाज आणि अहवाल जिथे जुळत नाहीत, त्या ओळींची छाटणी वेगळी घेऊन पाहा; आमच्याकडे सासूबाई आणि मी याच ओळींवरून सर्वांत जास्त बोलतो.