केशरी कार्डाचे १७० रुपये सहा महिन्यांपासून बंद: निधी नाही की खात्यातच गडबड?

कापूसपट्टा, यवतमाळ जिल्हा
एपीएल केशरी शेतकरी कार्ड, पाच माणसं. राशनच्या धान्याऐवजी माणशी १७० प्रमाणे महिन्याला ८५० रुपये सासूबाईंच्या खात्यात यायचे. सहा महिने झाले, एक रुपया नाही. कंट्रोलवाला म्हणते, वरूनच निधी नाही. पण गावातल्या दोघातिघांना तीन महिन्यांचे एकदम मिळाले. तहसीलात नेमकं काय विचारायचं?

सातबारा_वर्धा
ताई, हा पैसा राज्याच्या तिजोरीतला आहे, फुकट राशनचं धान्य केंद्राचं. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्ध्यात या कार्डावर आधी २ रुपयांनी गहू, ३ रुपयांनी तांदूळ मिळे. केंद्राच्या अन्न महामंडळानं त्यासाठी धान्य देणं थांबवलं, म्हणून २०२३ पासून रोख आली: आधी १५०, २०२४ पासून १७०. तरतूद संपली की पुढचा निधी मंजूर होऊन जिल्ह्याला येईस्तोवर महिने तुंबतात, मग एकदम पडतात. अख्ख्या गावाचं थांबलं तर निधी. शेजाऱ्याचं आलं अन् तुमचं नाही, तर खातं नाहीतर यादी. तुमचं दुसरंच दिसते.

पुरवठा_शाखा
आधी सासूबाईंच्या आधारला आज कोणती बँक जोडली आहे ते पाहा. बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवरून \*९९\*९९\*१# लावा, किंवा आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग तपासा. हीच चूक सर्वात जास्त होते. निराधार योजनेच्या पगारासाठी पोस्टात नवं खातं उघडलं की जोडणी तिकडे सरकते, आणि घरचे जुनंच पासबुक छापून आणतात. पैसा बुडालेला नसतो, दुसऱ्या खात्यात पडून असतो.

तिथंही नसेल तर कार्डाचा १२ अंकी नंबर घेऊन पुरवठा निरीक्षकाला विचारा: तालुक्याला कोणत्या महिन्यापर्यंतचं अनुदान आलं, त्या यादीत आपलं नाव आहे का, आणि व्यवहार परत आला असेल तर कारण काय. तोंडी विचारून भागत नाही. अर्ज द्या, पोचवर शिक्का अन् तारीख घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून हेच तीन प्रश्न टाका, मुदत ३० दिवस. १९६७ वर तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून ठेवा.

कापूसपट्टा, यवतमाळ जिल्हा
पोस्टात खातं आहे खरं, उद्याच पाहते. कार्डावर आता सुनेचं सहावं नाव चढवलं, तिचे वेगळे मिळतील का?

पुरवठा_शाखा
वेगळे नाही, त्याच खात्यात. पण तिचं आधार कार्डाला जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली पाहिजे. राहिली तर यादीत पाचच माणसं धरतील, म्हणजे १,०२० च्या जागी ८५०.

धानपट्टा
घरचं वार्षिक उत्पन्न ४४,००० च्या आत असेल तर प्राधान्य कुटुंबात, म्हणजे फुकट राशनच्या यादीत, जायचा अर्ज आताच द्या. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागते. माणशी ५ किलो, पाच जणांचं २५ किलो फुकट. ८५० रुपयांत तेवढं घ्यायचं तर ३४ रुपये किलोच्या आतच बसलं पाहिजे. मग रोख बंद होईल, पण धान्य राज्याच्या निधीवर अडत नाही. अडचण इष्टांकाची, म्हणजे ठरवून दिलेल्या संख्येची आहे: जागा भरलेल्या असतात. मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं कमी झाली की जागा निघतात, म्हणून अर्ज आधीच दाखल असलेला बरा. जुने थकलेले महिने मात्र अर्जात वेगळे लिहून मागा.