मदत हवी आहे: सवय ‘लागली’ हे मोजायचं कसं?

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे धरून ध्येयाची मुदत ठरवू नका, कळकळीने सांगते. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं ‘किमान २१ दिवस’, तेही रुग्णांना नवा चेहरा अंगवळणी पडण्याबद्दल. ‘किमान’ गळालं आणि घोळ झाला. सवयींवर संशोधन करणाऱ्या फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात ९६ जण होते. सवय लागायला लागलेल्या काळाचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस, पल्ला १८ ते २५४.

म्हणून १२ आठवड्यांचा तक्ता आखतेय: ‘दात घासले की लगेच १० उठाबशा’. नुसत्या बरोबरच्या खुणेत रेटून केलेलं आणि आपसूक झालेलं सारखंच दिसतं. त्यामुळे ‘विचार न करता सुरुवात झाली का?’ याला १ ते ७ गुण. पण रोज गुण दिले तर तक्ताच आठवण करून देतो! मग आठवड्यातून एकदाच द्यावेत का?