पावसाळ्यात आईंचं चालणं थांबलं तर

पावसामुळे चालणं बंद झालं आणि आई गप्पगप्प राहतात, असं तुम्ही लिहिलंय. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असताना बाहेर जायचा आग्रह नकोच. सोप्यात हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. ८-१० वेळा उठणं-बसणं, दोन फेऱ्या. बसताना मनात तीन मोजत सावकाश टेकायचं. धपकन बसलं की मांड्यांना काम उरत नाही, कंबरेला हिसका मात्र बसतो. जमत नसेल तर खुर्चीवर बसायच्या जागी घट्ट उशी घाला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठल्यावर क्षणभर थांबायचं, चक्कर येऊ शकते. मग शेजारणीला बोलवा, फुगडीची गाणी म्हणत दोघींनी जागच्या जागी पावलं टाकावीत. सोबतीनं मन लवकर उघडतं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.