मूतखडा पुन्हा होण्यामागे बोअरचे पाणी की आणखी काही?

प्रश्न : निफाड तालुका

नमस्कार. माझे यजमान 41 वर्षांचे असून आमची द्राक्षबाग आहे. काही वर्षांपूर्वी त्यांना मूतखडा झाला होता. तो लहान असल्याने लघवीवाटे आपोआप पडला. यंदा एप्रिलच्या खरड छाटणीच्या दिवसांत डाव्या कुशीतून जांघेपर्यंत जाणारी तीच कळ पुन्हा आली आणि सोनोग्राफीत 6 मिलिमीटरचा खडा दिसला. औषधोपचार सुरू आहेत, पण कारणांविषयी घरात एकमत नाही. सासूबाईंनी टोमॅटो आणि वांगी बंद केली आहेत, शेजारी बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला दोष देतात, तर एका नातेवाइकांनी दूध-दही सोडायला सांगितले आहे. सासऱ्यांनाही हा त्रास होता. यजमान सकाळी सहाला बागेत जातात आणि दुपारच्या जेवणापर्यंत चहाखेरीज फारसे काही पीत नाहीत. नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अध्यापक, गंगापूर रोड

ताई, आपल्या प्रश्नातले शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॅल्शियम, ऑक्झॅलेट आणि युरिक ॲसिड प्रत्येकाच्याच लघवीत असतात. ते विरघळलेले राहतील इतके पाणी लघवीत नसले की त्यांचे स्फटिक होऊ लागतात आणि स्फटिकांवर थर चढत जाऊन खडा तयार होतो. उन्हात राबणाऱ्या माणसाचे पाणी घामावाटे निघून जाते, मूत्रपिंड उरलेले पाणी राखण्यासाठी लघवी घट्ट करते, आणि रोज कित्येक तास हीच स्थिती राहिली तर खडे होण्यास अनुकूल परिस्थिती आपोआप निर्माण होते. म्हणून किती पाणी प्यायलो यापेक्षा किती लघवी झाली याकडे लक्ष द्यावे : 24 तासांत किमान दोन ते अडीच लिटर. छाटणीच्या दिवसांत त्यासाठी साडेतीन-चार लिटर पाणीही लागू शकते. रात्री लघवी अधिक घट्ट होते, त्यामुळे झोपण्यापूर्वीही पाणी प्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यामुळे खडे होतात याला ठोस आधार मिळालेला नाही. ते पाणी बेचव लागते म्हणून माणूस कमी पितो, हा धोका मला अधिक खरा वाटतो. चव आवडत नसेल तर शुद्धीकरण यंत्राचे पाणी घ्यावे, पण भरपूर प्यावे.

दूध-दही सोडण्याचा सल्ला कृपया पाळू नका. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, म्हणून कॅल्शियम टाळावे असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेते. ते कमी झाले की अधिक ऑक्झॅलेट रक्तात आणि तेथून लघवीत उतरते. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

सासऱ्यांना त्रास होता, म्हणजे आनुवंशिकतेचा भाग आहेच. लठ्ठपणा, मधुमेह आणि गाऊट (युरिक ॲसिड सांध्यांत साठून होणारा आजार) यांनीही धोका वाढतो. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पुढील दहा वर्षांत तो पुन्हा होतो, म्हणून हा खडा पडला तरी काळजी थांबवू नये.

उत्तर : आहारतज्ज्ञ, इंदिरानगर

वरील उत्तराशी सहमत आहे. मिठाविषयी थोडे जोडते. शरीर जास्तीचे मीठ लघवीवाटे टाकते तेव्हा त्याच्याबरोबर कॅल्शियमही अधिक जाते. आपल्याकडे पानात लोणचे, पापड, ठेचा, संध्याकाळी शेव-फरसाण, शिवाय ताकात वरून मीठ, असे ते दिवसभर साठत जाते. सगळे मिळून दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक लहान चमचा, एवढी मर्यादा असावी. मटण, चिकन आणि मासे वारंवार व भरपूर खाल्ल्याने युरिक ॲसिड वाढते आणि खडे रोखणारे सायट्रेट कमी होते. सायट्रेटसाठी साखर न घातलेले लिंबूपाणी चांगले.

टोमॅटोत ऑक्झॅलेट फार थोडे असते. सासूबाईंना आमटीत तो निश्चिंतपणे घालू द्यावा. ऑक्झॅलेट खरे भरपूर असते ते पालक, अळू आणि बीट यांत. या भाज्या कधीतरी खाल्ल्या तर सोबत दही किंवा बिनमिठाचे ताक घ्यावे.

उत्तर : सुरक्षा अधिकारी, सातपूर औद्योगिक वसाहत

आमच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. तहान लागेल तेव्हा पिऊ, असे म्हटले की पिणे राहून जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आम्ही पाण्याच्या वेळा ठरवल्या आणि लघवीचा रंग फिक्या पिवळ्यापेक्षा गडद दिसू नये, असा फलक स्वच्छतागृहात लावला. बागेत मजुरांसाठीही पाण्याचा जार ओळीच्या टोकाला ठेवावा. ऊन त्यांनाही तितकेच लागते.

पुन्हा प्रश्न : निफाड तालुका

सर्वांचे मनापासून आभार. हुलग्याचे कढण द्यावे का? आणि यजमान रोज व्हिटॅमिन सीची मोठ्या मात्रेची गोळी घेतात, त्याने काही बिघडते का?

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अध्यापक, गंगापूर रोड

ती गोळी आपल्या डॉक्टरांना दाखवून शक्यतो बंद करावी, कारण जास्तीच्या व्हिटॅमिन सीचे शरीरात ऑक्झॅलेट होते. कढण अन्न म्हणून जरूर घ्यावे, मात्र कॅल्शियम ऑक्झॅलेटचा तयार खडा पोटातून घेतलेल्या कोणत्याही औषधाने विरघळत नाही. युरिक ॲसिडचा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतो. त्यामुळे लघवी गाळणीतून करून पडलेला खडा जपून ठेवावा आणि प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. रक्तातील कॅल्शियम व युरिक ॲसिड पाहावे. कॅल्शियम वाढलेले निघाल्यास रक्तातील कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणाऱ्या, गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीची तपासणी आवश्यक ठरते. दुसऱ्यांदा खडा झालेल्याने 24 तासांच्या लघवीची चाचणीही करावी. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता त्यांना लगेच रुग्णालयात न्यावे.